दोन शतांश माणूस कमी

इमारत पाडून नवी बांधायचे ठरले तेव्हा चोवीस बिऱ्हाडांपैकी तेवीस बिऱ्हाडांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चोविसाव्या बिऱ्हाडाच्या कर्त्या पुरुषाने पेन्सिलीला टोक काढले.

नियम सोपा होता. नवी इमारत उभी राहायला चार वर्षे लागणार. किल्ल्या हातात पडतील त्या दिवशी ज्या घरात चार किंवा अधिक माणसे राहणार असतील त्यांना तीन खोल्या, चाराहून कमी असतील त्यांना दोन. प्रत्येकाने आपला आकडा एका छापील अर्जावर लिहायचा आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत तळमजल्यावर सेक्रेटरीच्या हातात द्यायचा. अर्ज मिळाल्या मिळाल्या सगळ्यांनी बोटे मोजली. काहींनी दोन्ही हातांची मोजली.

चौथ्या मजल्यावरच्या शतांशरावांना मात्र असे बोटांवर मोजणे जमणारे नव्हते. खरे नाव वेगळे होते, पण ते आता पगारपत्रकापुरते उरले होते. तीस वर्षे ते शहराच्या लोकसंख्या अंदाज विभागात नोकरीला होते. दहा, वीस, पन्नास वर्षांनी शहरात माणसे किती असतील, त्यांतली शाळेत जाणारी किती आणि काठी टेकणारी किती, हे ते तक्ते मांडून सांगत. ही सवय घरीही येत असे. पाहुणे किती येणार असे बायकोने विचारले की ते विचार करून म्हणत, "साधारण पाच पूर्णांक चार." त्या वरच्या चार दशांश पाहुण्यासाठी बायको बिचारी एक ताट जास्त वाढून ठेवी आणि तेच नेमके उरे. इमारतीत कुणीतरी एकदा हे ऐकले आणि तेव्हापासून शतांशराव हेच नाव रूढ झाले.

आज घरात पाच माणसे होती. ब्याऐंशी वर्षांची आई, स्वतः शतांशराव, बायको, मुलगा आणि सून. आताच्या घरात तीन खोल्या असल्यामुळे सगळे भांडून-तंटून पण मावत होते. दोन खोल्या मिळाल्या तर कुणाला तरी दुसरीकडे बिऱ्हाड करावे लागणार होते. ते कोण, हे सगळ्यांच्या मनात होते आणि तोंडावर कुणाच्याच नव्हते. मुलाचे लग्न होऊन दोनच वर्षे झाली होती. आईची खाट खिडकीपाशी होती आणि ती तिथून हलवायची म्हटली तर आधी खिडकी हलवावी लागली असती.

"पाच लिहा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

शतांशरावांनी तिला समजावले की अर्जात आज किती माणसे आहेत असे विचारलेलेच नाही, चार वर्षांनी किती असतील असे विचारले आहे. आज खुर्चीवर बसलेली माणसे मोजून चार वर्षांनंतरचा आकडा ठोकून देणे हे शिंप्याने केले तर चालेल, पण अंदाज विभागाच्या माणसाला शोभणार नाही. बायको एका शाळेत शिक्षिका होती. न समजणाऱ्या माणसावर किती वेळ घालवायचा याचा तिला अनुभव होता. ती वह्या तपासायला निघून गेली.

बुधवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शतांशरावांनी विभागाचे तक्ते उघडले आणि स्वतःच्या घराचा रीतसर अंदाज मांडला. नाते, वय आणि चार वर्षांनंतर घरात असण्याचे प्रमाण, असे तीन रकाने केले. आई, ब्याऐंशी, ०.६२. स्वतः, सत्तावन्न, ०.९५. पत्नी, चोपन्न, १.००. मुलगा एकोणतीस वर्षांचा, शिकलेला, यंत्रांचे आराखडे काढणारा. अशा मुलांपैकी चार वर्षांत शहर सोडून जाणारे वजा केले की ०.५४. सून, विभागाच्या नियमाप्रमाणे, नवऱ्याइतकीच, ०.५४. आणि शेवटी, या वयाच्या जोडप्याकडून अपेक्षित जन्म, ०.३३. बेरीज आली तीन पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश.

त्यांनी बेरीज खालून वर केली, मग वरून खाली केली. तेवढीच आली. तीन खोल्यांच्या घराला दोन शतांश माणूस कमी पडत होता.

दुसरा कुणी असता तर त्याने सरळ चार धरले असते. पण नियमात "चार किंवा अधिक" असे छापले होते आणि तीन पूर्णांक अठ्ठ्याण्णव हे चारही नव्हते आणि अधिकही नव्हते. मागे एका गावाने दवाखाना मिळावा म्हणून आपली माणसे अशीच वर ओढून पूर्ण केली होती, तेव्हा तो अहवाल शतांशरावांनीच लाल शेरा मारून परत पाठवला होता. आता घरच्यासाठी वेगळा न्याय कसा लावणार? गुरुवारी थंड डोक्याने बघू, असे ठरवून त्यांनी कागद टेबलावर ठेवला. संध्याकाळी निघताना दर बुधवारप्रमाणे टेबलावरचे पाठकोरे कागद गोळा केले, गठ्ठा बांधला आणि घरी आणला.

या पाठकोऱ्या कागदांवर ते घर चालत असे. बायको त्यांवर बाजाराची यादी करी. सून एका रुग्णालयात गुडघे धरलेल्या लोकांकडून व्यायाम करून घेत असे, ती घरी आणलेल्या कागदांवर कुणाचा पाय किती वेळा उचलायचा ते लिहून देई. आई मात्र छापील बाजू वाचत असे. जाड भिंग घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटीपेपर्यंत. जगाच्या लोकसंख्येबद्दल त्या इमारतीत सर्वांत जास्त माहिती शतांशरावांना होती आणि त्यांच्या खालोखाल त्यांच्या आईला. कोणत्या देशात पाळणे रिकामे पडले आहेत आणि कुठे म्हाताऱ्यांची संख्या नातवंडांच्या पुढे गेली आहे, हे ती जिन्यात भेटेल त्याला सांगे. ऐकणारा आधीच चार मजले चढून दमलेला असल्यामुळे त्याला पळताही येत नसे.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता, घरात कुणी नसताना, तिने गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला आणि पहिल्याच ओळीत वाचले: आई, ८२, ०.६२.

तिला समजायला वेळ लागला नाही. सोमवारीच ती नातसुनेबरोबर जाऊन रक्त तपासायला देऊन आली होती. रिपोर्ट आलेला दिसत होता. त्यात तिचे अडतीस टक्के गेले होते आणि पोटच्या मुलाने ते तिला सांगण्याऐवजी कागदावर मांडून ठेवले होते. आई रडणाऱ्यांतली नव्हती. तिने भिंग पुसले, उरलेल्या पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि कपाट उघडले.

दुपारी सून घरी आली तेव्हा रेडिओवर "नातसुनेला" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. भिंतीवरच्या घड्याळावर "नातवाला, किल्ली रविवारी", शिलाईच्या यंत्रावर "सुनेला, पण विचारून वापरावे" आणि बिघडलेल्या टेबलफॅनवर "जो नेईल त्याला". सुनेने घाबरून विचारले, तेव्हा आईने कागद पुढे केला.

सुनेने आजीची ओळ वाचण्याआधी स्वतःची वाचली. माणसाचे तसेच होते. सून, २७, ०.५४. तिच्या वर नवरा, तोही ०.५४. खाली "अपेक्षित जन्म, ०.३३". दोन महिन्यांपासून जी गोष्ट फक्त त्यांच्या खोलीचे दार लावल्यावर कुजबुजत बोलली जात होती ती सासऱ्यांनी तीन रकान्यांत मांडली होती. तिने नवऱ्याला फोन लावला आणि एवढेच सांगितले की बाबांना सगळे कळले आहे, आणि मुलांचेसुद्धा.

"कसं कळलं?" तो म्हणाला. "पत्र तर माझ्या ऑफिसच्या खणात आहे."

"ते तू त्यांना विचार. त्यांनी चोपन्न लिहिलंय. म्हणजे तू अर्धा गेलेलाच आहेस."

मुलगा चार वाजताच घरी आला. साडेचारला बायको शाळेतून आली आणि तिने चिठ्ठ्या वाचत वाचत सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारली. सहा वाजता शतांशराव ऑफिसात दिवसभर एक कागद शोधून थकून-भागून घरी आले, तर तोच कागद जेवणाच्या टेबलावर मधोमध पडलेला आणि त्याच्या चारी बाजूंना चार माणसे. विभागाची वार्षिक आढावा समितीसुद्धा इतक्या शांतपणे बसत नसे.

"माझे अडतीस कुठे गेले?" आईने सुरुवात केली.

शतांशरावांनी बूटही न काढता खुलासा सुरू केला. ब्याऐंशी वर्षांच्या शंभर बायका घेतल्या, तर त्यांतल्या बासष्ट चार वर्षांनी हयात असतात, एवढाच त्याचा अर्थ. ही सरासरी आहे. सरासरी कुणा एकाबद्दल नसते.

"हे तुझ्याबद्दल नाहीच गं आई. बाकीच्या नव्व्याण्णव जणींबद्दल आहे."

"मग माझ्या नावापुढं कशाला लिहिलंस? त्या नव्व्याण्णव जणींना खोली मिळणार आहे का?"

सुनेने पर्समधून रक्ताचा रिपोर्ट काढून दाखवला. सगळे ठीक होते, थोडे उन्हात बसायला सांगितले होते. आईच्या चेहऱ्यावर म्हणावा तसा आनंद दिसला नाही. सगळ्या घरभर डिंकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या आता कोण काढणार, हा विचार तिच्या मनात आला असावा.

मग मुलगा खाकरला. "बाबा, मी सांगणारच होतो तुम्हाला."

"काय?" शतांशराव म्हणाले.

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. सून मुलाकडे बघत राहिली. त्या एका "काय" मधून दोघांना एकदमच उमगले की या माणसाला काहीही माहीत नव्हते. पण तोंडातून गेलेले वाक्य परत घेता येत नाही. मुलाने सांगून टाकले. समुद्रापलीकडच्या एका बंदरात माल उचलणारी प्रचंड यंत्रे बसवायची होती. त्या कंपनीने त्याला बोलावले होते. पत्र येऊन दोन महिने झाले होते. त्याने होकार कळवला होता.

शतांशरावांनी तीस वर्षे तक्त्यांत स्थलांतराचा रकाना भरला होता. तो डावीकडून चौथा असे आणि त्याला फिकट हिरवा रंग देण्याची पद्धत होती. हजारो मुले त्यांनी त्या रकान्यातून पलीकडे पाठवली होती आणि एकाही वेळी काही वाटले नव्हते. आता वाईट वाटले. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, मुलाच्या ओळीतले ०.५४ खोडून तिथे शून्य लिहिले आणि सवयीने खालच्या ओळीतलेही खोडायला घेतले.

"माझं का खोडताय?" सून म्हणाली.

"विवाहित स्त्री पतीबरोबर स्थलांतर करते असं धरायचं असतं."

"कुणी धरलं?"

"विभागाचा नियम आहे."

"विभागानं मला विचारलं होतं?"

शतांशरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. विभागाने कुणालाच विचारले नव्हते. सून म्हणाली की तिला मागच्याच महिन्यात रुग्णालयात स्वतःचा वॉर्ड मिळाला आहे, अकरा गुडघे तिच्या भरवशावर आहेत आणि ती कुठेही जाणार नाही. हे तिने नवऱ्यालाही सांगितले होते.

"आपलं अजून ठरायचं होतं ना," मुलगा म्हणाला.

"तुझं ठरलं होतं. माझं ठरायचं होतं. आणि ते तेहतीस शतांश मूल कुणाचं आहे तेही बाबांनाच विचार, कारण मला माहीत नाही."

बायकोने कागद आपल्याकडे ओढला. ती अजून एक शब्दही बोललेली नव्हती. बोटाने एकेक ओळ वाचत ती स्वतःच्या ओळीपाशी थांबली.

"आई बासष्ट, तुम्ही पंच्याण्णव, मुलगा-सून चोपन्न," ती म्हणाली. "सगळ्यांना थोडी थोडी रजा दिलीत. मला मात्र पूर्ण हजेरी. कुणी राहो, कुणी जावो, डबे भरायला ही आहेच, असंच ना?"

"तसं नाही."

"मग कसं आहे? चोपन्न वर्षांच्या सगळ्याच्या सगळ्या बायका जगतात की काय तुमच्या तक्त्यात?"

शतांशराव खाली बघू लागले. तक्त्यात ०.९७ होते. त्यांनी ते पाहिलेही होते. जेवणाच्या सुट्टीत, हातात पेन्सिल घेऊन, त्या सत्त्याण्णवच्या पलीकडे जे तीन उरत होते ते बघत ते बराच वेळ बसले होते आणि शेवटी त्यांनी एक लिहिले होते. तीस वर्षांच्या नोकरीतली ती एकमेव लबाडी होती.

"तक्त्यात सत्त्याण्णव आहे," ते म्हणाले. "माझा हात झाला नाही लिहायला."

बायकोने कागद खाली ठेवला. ती उठली, चहाचे पातेले शेगडीवर ठेवले आणि पाठमोरी उभी राहून विनाकारण साखरेचा डबा पुसत राहिली. चहा झाला तेव्हा पहिला कप तिने नवऱ्यापुढे ठेवला. घरात पहिला कप कायम आईचा असे. आईच्या नजरेतून हे सुटले नाही.

"माझे बासष्ट लिहिताना बरा झाला हात," आई म्हणाली.

याला उत्तर होते, पण ते देता येण्यासारखे नव्हते. आईचा आकडा त्यांनी तक्त्यात पाहिल्याबरोबर घाईघाईने लिहून टाकला होता, कारण तिथे क्षणभर जरी थांबलो तर पुढची ओळ लिहिणार नाही हे त्यांना कळत होते. त्यांनी चहात बिस्कीट बुडवले आणि ते आत पडले.

"दोनच कमी पडताहेत ना तुला?" आईने विचारले. "माझ्यात घाल. चौसष्ट कर. मी बघते काय करायचं ते."

"असे घालता येत नाहीत आई."

"बायकोत तीन घातलेस."

तीस वर्षांत त्यांच्या अहवालावर इतका अचूक आक्षेप कुणी घेतला नव्हता.

शुक्रवारी सकाळपर्यंत ही बातमी जिन्याने खाली गेली. आईनेच नेली. ती सात वाजता उन्हात बसायला म्हणून गच्चीवर गेली होती आणि उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबली होती. शतांशराव दाढी करत असतानाच दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी आला. त्याला सासूबाईंचा आकडा काढून हवा होता. वय एकोणऐंशी, तब्येत खणखणीत. शतांशरावांनी नाइलाजाने सांगितलेला आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला. "एवढा?" असे म्हणून तो निघून गेला. पाठोपाठ आलेल्या निवृत्त पोस्टमनला स्वतःचा आकडा नको होता, समोरच्या दारातल्या गृहस्थांचा त्याच्यापेक्षा कमी आहे एवढेच कळले तरी पुरणार होते.

ऑफिसला निघताना तळमजल्यावर सेक्रेटरीने त्यांना अडवले. सेक्रेटरी हा तब्येतीने किरकोळ आणि फायलींच्या बाबतीत कडक माणूस होता. तेवीस अर्ज त्याच्याकडे आले होते. आज त्या तेवीस घरांत एक्क्याण्णव माणसे राहत होती. अर्जांप्रमाणे चार वर्षांनी ती एकशे एकोणसत्तर होणार होती. पहिल्या मजल्यावरच्या ब्रह्मचारी छायाचित्रकाराने सात लिहिले होते.

जगभर जन्माचे दर उतरत होते, देशोदेशीची सरकारे काळजीत होती आणि या तेवीस बिऱ्हाडांनी चार वर्षांत जवळपास दुप्पट व्हायचे ठरवले होते. असा वेग शतांशरावांनी कुठल्याही देशाच्या कुठल्याही तक्त्यात पाहिला नव्हता.

"वरच्या ऑफिसात शंका घेतील," सेक्रेटरी म्हणाला. "तुम्ही तज्ज्ञ म्हणून खाली एक सही ठोका. बेरीज तपासली, एवढंच."

"बेरीज बरोबर आहे. माणसं चूक आहेत."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

शतांशरावांनी सही केली नाही. दुपारपर्यंत इमारतीने त्यांच्याशी बोलणे टाकले. ज्या माणसाला स्वतःच्या आईचे पूर्ण एक धरता आले नाही तो आपले आकडे काय मानणार, असे शिंप्याची बायको म्हणाल्याचे आईनेच त्यांना संध्याकाळी सांगितले. त्यावर शिंप्याच्या बायकोला चार शब्द सुनावून आल्याचेही सांगितले. मुलाला नावे ठेवण्याचा हक्क तिने आपल्याकडेच राखून ठेवला होता.

ऑफिसात त्या दिवशी त्यांनी एकच काम केले. विवाहित स्त्री पतीबरोबर जाते हा नियम कुठून आला ते शोधले. तो एका जुन्या टिपणात सापडला. टिपण लिहिणाऱ्याने कारण दिले होते, "उघड आहे." शतांशरावांनी तो नियम लावून आजवर किती सुना शहराबाहेर काढल्या असतील याचा हिशेब सुरू केला आणि सहा हजारांवर पोचल्यावर पाणी प्यायला उठले.

शुक्रवारी रात्री सगळे जेवायला बसले. मग आईने नातवाला विचारले, "किती वर्षांसाठी चाललायस रे?"

हा प्रश्न आदल्या दिवशी एकालाही सुचला नव्हता.

"तीन," मुलगा म्हणाला.

"आणि इमारतीला?"

"चार."

"मग एवढा गोंधळ कशाला घातलात सगळ्यांनी?" आई म्हणाली. घरातला निम्मा गोंधळ डिंकाने तिनेच चिकटवला होता, पण ते तिला कुणी दाखवून दिले नाही. सगळ्यांचेच चेहरे मोकळे झाले. सुनेने नवऱ्याच्या ताटात न मागता वाढले. तीन वर्षे म्हणजे काय, बघता बघता जातील, असे बायको म्हणाली आणि तिने शतांशरावांकडे बघितले.

शतांशराव मान खाली घालून जेवत होते. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या मुलांपैकी किती ठरल्या वेळी परत येतात, हा आकडा त्यांना पाठ होता. गेल्याच वर्षी त्यांनी स्वतः तो काढला होता, चारदा तपासला होता आणि तेव्हापासून विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांनाही सांगितला होता. एका परिचिताच्या मुलाला स्टेशनवर निरोप द्यायला गेले असताना, गाडी हलायच्या आत, त्याच्या आईलासुद्धा सांगितला होता. ती बाई त्यानंतर त्यांच्या घरी कधी आली नाही. तिला का राग आला असावा ते त्यांना आता, हातातला घास हातात असताना, कळले. तो आकडा त्यांनी घासाबरोबर गिळला.

जेवण झाल्यावर त्यांनी अर्ज काढला. अर्जात दशांश चिन्हाला जागाच नव्हती, एक लहानसा चौकोन होता. आई, ते, बायको आणि सून. आईला पूर्ण एक धरणे योग्य होईल का, असे त्यांनी हळूच बायकोला विचारले. बायको म्हणाली, "आत्ता जाऊन त्यांनाच विचारा बरं, किती धरायचं ते." शतांशरावांनी चौकोनात शाईने चार लिहिले. कुणाही तपासनिसासमोर छातीठोकपणे मांडता येईल असा तो आकडा होता, आणि तीन खोल्यांना पुरेसा होता.

शनिवारी साडेअकराला ते अर्ज घेऊन निघाले. बरोबर मुलगा होता, कारण त्याला खाली काही काम होते. काय काम ते त्याने सांगितले नाही. सेक्रेटरी जिन्याखाली टेबल टाकून बसला होता. त्याने अर्ज घेतला, चष्मा वर केला आणि पुन्हा खाली केला.

"चार? अहो, लोकांनी पाळीव पोपटसुद्धा धरलेत. तुम्ही आजच पाच आहात. पाचवा कुठं गेला?"

पाचवा शेजारीच उभा होता. तो अर्जावरच्या त्या चौकोनाकडे बघत होता. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही मागायला यायचा तेव्हा असाच, हात मागे बांधून, कागदाकडे बघत उभा राहायचा.

शतांशरावांनी अर्ज परत मागून घेतला. पेनाचे टोपण काढले, चारवर आडवी रेघ मारली आणि शेजारी पाच लिहिले.

सेक्रेटरी कळवळला. फायलीत खाडाखोड त्याला सहन होत नसे. "साहेब, चारलाही तीनच खोल्या मिळतात. नियम वाचलात ना? पाच लिहून जास्त काही मिळणार नाही."

"माहीत आहे मला."

"मग उगाच कशाला? हा पाचवा चार वर्षांनी नक्की असणार आहे का इथं?"

शतांशरावांना तो आकडा आठवला. तो पाठच होता, त्यामुळे आठवायला कष्ट पडले नाहीत.

"नक्की," ते म्हणाले.

सेक्रेटरीने बोट ठेवून दाखवले तिथे, खोडलेल्या चारच्या बाजूला, त्यांनी सही केली आणि खाली तारीख घातली.